चित्रफितीपासून डीव्हीडीपर्यंत : घरगुती चित्रणाचे रूपांतर लवकर कसे करावे

दिल्ली येथे १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्याच वर्षी भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले. त्यापाठोपाठ व्हीसीआर या नावाने ओळखले जाणारे यंत्र प्रथम शहरांतून आणि पुढे लहान गावांतूनही दिसू लागले. लग्न, मुंज, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रंथालयाची व्याख्यानमाला अशा प्रसंगांचे चित्रण करून ते कॅसेटमध्ये जपून ठेवण्याची प्रथा पुढील सुमारे वीस वर्षे देशभर रूढ होती. त्या कॅसेटी आज कपाटांत पडून आहेत. त्यांतील कित्येक माणसे आता हयात नाहीत. त्यांचे चालणे, बोलणे, हसणे या फितींखेरीज अन्यत्र कोठेही उमटलेले नाही.

या फितींवरील चित्रण डीव्हीडी तबकडीवर उतरवून घ्यावे, असे अनेकांना वाटते. परंतु काम हाती घेतल्यावर लवकरच ध्यानात येते की, एका कॅसेटला कधी कधी संपूर्ण दिवस लागतो. वीस कॅसेटी असल्या तर महिना सरतो आणि काम अर्धवट राहते. साहजिकच प्रश्न उद्भवतो की, हे रूपांतर अधिक वेगाने करता येईल काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र कामाचा कोणता भाग वेगाने करता येतो आणि कोणता येत नाही, हे आधी ओळखले पाहिजे. तसे न केल्यास पैसा खर्च होतो, पण वेळ वाचत नाही.

कामाच्या तीन पायऱ्या

फितीवरील चित्र तबकडीवर येईपर्यंत तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिल्या पायरीत फीत यंत्रात फिरवून तिच्यावरील विद्युत्-संकेत मिळवावयाचा व त्याचे अंकांत रूपांतर करावयाचे. दुसऱ्या पायरीत या अंकांचा प्रचंड पसारा डीव्हीडीत मावेल इतका संक्षिप्त करावयाचा. तिसऱ्या पायरीत ही संक्षिप्त माहिती लेसर किरणाच्या साहाय्याने तबकडीवर लिहावयाची. या तिन्ही पायऱ्यांचा स्वभाव भिन्न आहे. म्हणून त्यांचा विचार क्रमाने करणे इष्ट होय.

पहिली पायरी : फितीचे वाचन

भारतात सर्वाधिक प्रचारात आलेली कॅसेट व्हीएचएस या पद्धतीची होय. जपानमधील जेव्हीसी कंपनीने ती १९७६ साली बाजारात आणली. तिच्यातील फीत १२.७ मिलिमीटर रुंद असून तिच्या पृष्ठावर चुंबकीय कणांचा पातळ थर असतो. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत ही फीत सेकंदाला केवळ २३.४ मिलिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीने पुढे सरकते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे २५० मीटर फीत गुंडाळलेली असते.

इतक्या मंद गतीच्या फितीवर हलत्या चित्राची विपुल माहिती कशी मावते? याची युक्ति यंत्रातील फिरत्या पिंपात आहे. ६२ मिलिमीटर व्यासाचे हे धातूचे पिंप किंचित तिरके बसविलेले असते आणि ते सेकंदाला २५ फेरे घेते. त्याच्या कडेवर परस्परांच्या समोर दोन सूक्ष्म चुंबकीय वाचक असतात. तंत्रज्ञ त्यांना ‘हेड’ म्हणतात. फीत पिंपाला अर्धा वेढा घालून जाते. त्यामुळे प्रत्येक हेड फितीवर तिरकी रेघ ओढीत जाते. हेडच्या दृष्टीने पाहिल्यास फीत सेकंदाला जवळजवळ ४.९ मीटर वेगाने धावत असते. प्रत्येक तिरक्या रेघेत चित्राच्या निम्म्या ओळी साठविलेल्या असतात. दोन रेघा मिळून ६२५ ओळींची एक पूर्ण चौकट होते आणि सेकंदाला अशा २५ चौकटी मिळतात.

फीत दुप्पट वा चौपट वेगाने पळवून अर्ध्या वा पाव वेळात संकेत का घेऊ नये, असे वाचकांस वाटेल. व्हीसीआरवर चित्र भरभर पुढे नेताना पडद्यावर पांढरे आडवे पट्टे दिसत असल्याचे अनेकांना आठवत असेल. त्याचे कारण असे की, फीत वेगाने सरकू लागली म्हणजे हेड एका रेघेवरून सरळ न जाता अनेक रेघा ओलांडीत जाते. प्रत्येक रेघेतील तुकडा हाती लागतो आणि उरलेला भाग सुटतो. पाहणाऱ्याला प्रसंग शोधण्यापुरते ते चित्र पुरेसे असते, पण त्यातून मूळ चित्रण पुन्हा उभे करता येत नाही.

पिंपाचा वेगही त्याच प्रमाणात वाढवावा, असा उपाय सुचू शकेल. परंतु मग दुसरी अडचण उभी राहते. पाल पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी येतात आणि व्हीसीआरपासून संगणकाला जोडलेल्या रूपांतरकापर्यंत सर्व मंडले याच संख्येला अनुसरून बनविलेली असतात. दुप्पट संख्येने ओळी आल्यास त्यांना त्यांचा अर्थच लागणार नाही. शिवाय वीस-तीस वर्षे जुन्या, ठिसूळ झालेल्या फितीला असा ताण सोसवत नाही.

चित्रपटांच्या कॅसेटी विकणारे कारखाने मात्र फार जलद प्रती काढीत असत, हा आक्षेप योग्य आहे. त्यांतील काही कारखान्यांत मूळ फीत व कोरी फीत एकमेकींना चिकटवून चुंबकीय आकृतीचा जणू ठसा उमटविला जात असे. तेथे चित्र ‘वाचले’ जातच नव्हते; एका फितीची प्रत दुसऱ्या फितीवर निघत होती. फितीवरून अंक मिळवावयाचे असतील तेव्हा ही वाट उपयोगी पडत नाही.

सारांश, तीन तासांची कॅसेट वाचावयास तीन तासच लागतात. १९९५ साली आलेल्या मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रण मुळातच अंकांत असते. तथापि घरगुती कॅमेऱ्यातून ते संगणकात घेतानाही फीत तिच्या नेहमीच्या गतीनेच चालवावी लागते.

दुसरी पायरी : अंकांचा संक्षेप

फितीवरील संकेत अंकांत मांडताना प्रत्येक चौकटीचे ७२० स्तंभ आणि ५७६ ओळी पाडल्या जातात. म्हणजे एका चौकटीत ४,१४,७२० बिंदू झाले. (६२५ पैकी उरलेल्या ओळींत दृश्य चित्र नसते.) प्रत्येक बिंदूस दोन बाइट व सेकंदाला २५ चौकटी असा हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट आणि तासाला सुमारे ७५ गिगाबाइट माहिती होते. याउलट साध्या, एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट आहे. दोन तासांचे चित्रण तिच्यात बसवावयाचे म्हणजे माहिती सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर आणली पाहिजे.

डीव्हीडीसाठी हा संक्षेप एमपीईजी-२ या पद्धतीने केला जातो. तिच्यात दोन तत्त्वे एकत्र आली आहेत. पहिले तत्त्व असे की, चित्रातील बारीकसारीक चढउतार माणसाच्या डोळ्यास फारसे जाणवत नाहीत. चौकटीचे ८ गुणिले ८ बिंदूंचे लहान तुकडे पाडून एका गणिती प्रक्रियेने त्यांतील ठळक भाग आणि सूक्ष्म भाग वेगळे काढतात, आणि सूक्ष्म भाग स्थूलमानाने लिहितात. ही प्रक्रिया १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी एका शोधनिबंधाद्वारे मांडली. अहमद यांचा जन्म बंगळूरचा होता व त्यांचे हे संशोधन अमेरिकेत झाले. घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या चित्रांमागे या तिघांचे गणित उभे आहे.

दुसरे तत्त्व असे की, लागोपाठच्या दोन चौकटींत फारसा फरक नसतो. मांडवातून नवरदेव चालत असेल तर मांडव तोच राहतो. केवळ नवरदेव थोडा सरकतो. म्हणून प्रत्येक चौकट नव्याने न लिहिता, तिचा कोणता तुकडा आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीत कोठे सापडतो एवढेच नोंदविले जाते. साधारणपणे बारा ते पंधरा चौकटींच्या प्रत्येक गटात एकच चौकट संपूर्ण लिहिलेली असते.

वेळ खाणारे काम हा शोध घेण्याचे होय. त्यासाठी चौकटीचे १६ गुणिले १६ बिंदूंचे १,६२० तुकडे पाडतात. सेकंदाला असे ४०,५०० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा चारी दिशांना १६ बिंदूंपर्यंत सरकवून पाहावयाचा ठरविले तर १,०८९ जागा तपासाव्या लागतात आणि प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या कराव्या लागतात. एका सेकंदाच्या चित्रणासाठी हा आकडा सुमारे १,१०० कोटींवर जातो! जुन्या संगणकांना एका तासाचे चित्रण संक्षिप्त करावयास कित्येक तास का लागत, हे यावरून स्पष्ट होईल.

हा भार दोन मार्गांनी हलका झाला. एक मार्ग चातुर्याचा. सर्व जागा न तपासता आधी दूरदूरच्या थोड्या जागा पाहावयाच्या आणि जेथे जुळणी बरी दिसेल तिच्या आसपासच पुढील शोध घ्यावयाचा. दुसरा मार्ग यंत्ररचनेचा. १९९९ सालच्या पेंटियम-३ या प्रक्रियकात आठ बिंदूंच्या आठ वजाबाक्या करून त्यांची बेरीज देणारी आज्ञा घालण्यात आली. ते काम एकाच आज्ञेत होऊ लागले. त्याशिवाय केवळ संक्षेपाचे काम करणाऱ्या स्वतंत्र चिपाही निघाल्या. अशी चिप असलेला डीव्हीडी रेकॉर्डर फीत चालू असतानाच तिचा संक्षेप करतो.

वेळेचा हिशेब

आता तिन्ही पायऱ्यांचा एकत्र हिशेब मांडून पाहू. समजा, तीन तासांची एक कॅसेट आहे. तिच्या वाचनास १८० मिनिटे लागतात. संगणक जुना असून संक्षेपास चित्रणाच्या दुप्पट, म्हणजे ३६० मिनिटे घेतो. डीव्हीडीचा मूळ लेखनवेग धरला तर भरलेली तबकडी लिहावयास सुमारे ५७ मिनिटे लागतात. एकूण ५९७ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दहा तास झाले.

एखाद्याने केवळ १६ पट वेगाने लिहिणारा नवा तबकडी-लेखक विकत आणला, तर ५७ मिनिटांऐवजी सहाएक मिनिटे लागतील. एकूण वेळ ५९७ वरून ५४६ मिनिटांवर येईल. दहावा हिस्सादेखील वाचणार नाही. दुसऱ्याने तबकडी-लेखक जुनाच ठेवला, पण फीत वाचली जात असतानाच संक्षेप होईल अशी व्यवस्था केली, तर ३६० मिनिटे संपूर्ण वाचतील आणि काम २३७ मिनिटांत आटोपेल. दोन्ही उपाय केले तरी १८६ मिनिटे लागतीलच, कारण वाचनाची १८० मिनिटे कमी होत नाहीत. पाटाचे मुख अरुंद असेल तर पुढे पाट कितीही रुंद केला तरी शेताला पाणी अधिक मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. जीन अॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली संगणकांच्या संदर्भात हाच विचार मांडला : कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढविला तरी उरलेला भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो.

यावरून व्यवहाराचे काही नियम सहज निघतात.

पहिला नियम असा की, संक्षेप एकदाच करावा आणि तो वाचनाबरोबरच करावा. अनेक जण चित्रण आधी एका प्रकारच्या फाइलीत घेतात आणि मागाहून त्याचे एमपीईजी-२ मध्ये पुन्हा रूपांतर करतात. यात वेळ तर जातोच, पण प्रत्येक संक्षेपात चित्राची थोडी हानीही होते. डीव्हीडीच करावयाची असेल तर फाइल आरंभीच डीव्हीडीला मान्य असलेल्या स्वरूपात घ्यावी.

दुसरा नियम असा की, फितीत नाही ते तबकडीवर येणार नाही, म्हणून त्यासाठी श्रम करू नयेत. व्हीएचएस फितीवर चित्राचा आडवा तपशील मुळातच थोडा असतो. डीव्हीडीच्या नियमांत ७२० स्तंभांऐवजी ३५२ स्तंभांची चौकटही मान्य आहे आणि व्हीएचएसच्या तपशिलास ती बहुधा पुरते. बिंदू निम्मे झाले की संक्षेपाचे कामही जवळजवळ निम्मे होते, आणि तीन तासांचे चित्रण एका तबकडीत बरे मावते.

तिसरा नियम काटछाटीविषयी आहे. चित्रणाच्या आरंभीचा व शेवटचा कोरा भाग काढून टाकण्यासाठी संपूर्ण चित्रणाचा पुन्हा संक्षेप करण्याचे कारण नाही. चौकटींच्या दोन गटांच्या सीमेवर कापल्यास उरलेला भाग जसाच्या तसा ठेवता येतो. असे कापणे अर्ध्या सेकंदाने मागेपुढे होईल, पण घरगुती चित्रणात त्याने बिघडत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक चौकटीचे दोन अर्धे एकत्र मिसळण्याची प्रक्रियाही डीव्हीडीसाठी अनावश्यक आहे, कारण असे अर्धे वेगळे ठेवण्याची सोय डीव्हीडीत आहेच.

चौथा नियम असा की, एका फितीचा वेग वाढत नसला तरी अनेक फिती एकाच वेळी चालविता येतात. वीस कॅसेटींचे साठ तासांचे काम तीन यंत्रांवर वीस तासांत होते. एका कुटुंबाला तीन यंत्रे मिळणे कठीण. परंतु शाळा किंवा सार्वजनिक ग्रंथालय यांनी गावातील चालू स्थितीतली यंत्रे एकत्र केली, तर हा उपाय अवघड नाही.

पाचवा नियम पूर्वतयारीचा. अडीच तास फीत चालल्यावर हेडवर मळ साचून चित्र बिघडल्याचे आढळले, तर सर्व काम पुन्हा करावे लागते. म्हणून आधी हेड स्वच्छ करावे, फितीची पाहणी करावी, आरंभीची पाच मिनिटे चालवून चित्र स्थिर आहे की नाही हे पाहावे. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात मुळीच घालू नये; ती बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या निरोगी फितींनाही लागते. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

तिसरी पायरी : तबकडीवरील लेखन

लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक थर असतो. तांबड्या लेसर किरणाच्या उष्णतेने त्यावर सूक्ष्म खुणा उमटतात. त्या एका नागमोडी रेघेत नसून आतून बाहेर जाणाऱ्या दीर्घ सर्पिल मार्गावर असतात. मार्गाच्या दोन वेढ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. १६ पट वेगाला तबकडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते आणि तो वेगही केवळ बाहेरील कडेजवळ साधतो. ८ पट व १६ पट वेगांतील फरक तीनचार मिनिटांचाच असतो. तेवढ्यासाठी लेखनातील चुकांचा धोका पत्करण्यापेक्षा मध्यम वेगाने लिहावे आणि लिहिलेली माहिती मूळ फाइलीशी पडताळून पाहावी, हे अधिक शहाणपणाचे होय.

रंगद्रव्याचा हा थर ऊन, उष्णता व ओल यांनी खराब होतो, आणि आजच्या बहुतेक नव्या संगणकांत तबकडी वाचण्याची सोयच नसते. यास्तव डीव्हीडी तयार झाल्यावर संगणकातील मूळ फाइल पुसून टाकू नये. ती निदान दोन निरनिराळ्या साधनांवर आणि शक्य तर दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. अंकांची प्रत कितीही वेळा काढली तरी ती मूळाबरहुकूम असते आणि फाइलीची प्रत काढण्यास काही मिनिटेच लागतात. फितीची गोष्ट अशी नाही.

घाई कशाची करावी

चुंबकीय फितीवरील कणांना धरून ठेवणारे द्रव्य हवेतील ओलाव्याने हळूहळू कुजते. कोकण, गोवा, केरळ, बंगाल यांसारख्या दमट प्रदेशांत पावसाळ्यागणिक बुरशीचे भय वाढते. दुसरीकडे फीत वाचणारी यंत्रेही नाहीशी होत आहेत. जपानमधील फुनाई इलेक्ट्रिक ही व्हीसीआर बनविणारी अखेरची मोठी कंपनी होती. तिनेही २०१६ सालच्या जुलै महिन्यात त्यांचे उत्पादन थांबविले. त्यानंतर जी यंत्रे उरली ती सर्व जुनी असून त्यांचे सुटे भाग व दुरुस्ती जाणणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत. २०१९ साली युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने ध्वनि-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने चुंबकीय फितींविषयी जगभर सावधगिरीची सूचना दिली, ती याच कारणाने.

तीन तासांची फीत तीन तासच घेणार, हे निसर्गाने नव्हे तर यंत्राच्या रचनेने ठरविले आहे आणि ते आता बदलणार नाही. संक्षेपाचा वेळ योग्य योजनेने शून्यावर येतो. लेखनाचा वेळ नगण्य होतो. राहिला तो काम सुरू करण्यातील विलंब, आणि सर्वाधिक वेळ त्यातच जात असतो. ज्या घरात, शाळेत वा ग्रंथालयात अशा कॅसेटी असतील त्यांनी प्रथम त्यांची यादी करावी, ज्या प्रसंगाची दुसरी प्रत कोठेही नाही अशा फिती निवडाव्या आणि त्यांपासून प्रारंभ करावा. रोज एक कॅसेट लावली तरी वीस कॅसेटींचे काम तीन आठवड्यांत पुरे होते.